सागरावर वाट कोणाची?

ग्वाल्हेर नगरीस समुद्र नाही. तथापि भारतीय नौकानयनाच्या इतिहासात तिचे नाव कोरलेले आहे. पहिल्या महायुद्धात श्रीमंत माधवराव महाराज शिंदे यांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही आगबोट खरेदी करून जखमी सैनिकांसाठी रुग्णनौका केली. १९१५ मध्ये तिचे ‘लॉयल्टी’ असे नामांतर झाले. पुढे १९१९ मध्ये शेठ वालचंद हिराचंद व शेठ नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीने ती विकत घेतली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनकडे निघाली. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

याच नौकेच्या पूर्वचरित्रात एक दुःखद प्रसंग आहे. १९०३ मध्ये चीनच्या समुद्रात तिची एका चिनी युद्धनौकेशी टक्कर झाली व ती युद्धनौका बुडाली. जेथे रस्ता नाही, चौक नाही, शिपाई नाही, तेथे वाट कोणी कोणास द्यावी?

याविषयीचे सध्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले व १९७७ पासून अमलात आले. दोन यांत्रिक नौका समोरासमोर आल्या, तर दोघींनीही उजवीकडे वळावे. त्यांचे मार्ग एकमेकींस छेदत असतील, तर जिच्या उजव्या हातास दुसरी दिसते तिने बाजूस व्हावे. मागून येऊन पुढे जाणारीने पुढचीस अडथळा करू नये. यांत्रिक नौकेने शिडाच्या नौकेस, आणि शिडाच्या नौकेने जाळी टाकून मासेमारी करणारीस वाट द्यावी. रात्री डावीकडे तांबडा व उजवीकडे हिरवा दिवा असतो. त्यावरून समोरच्या नौकेचे तोंड कोणीकडे आहे ते कळते. दुसरी नौका जवळ येत असून होकायंत्रावरील तिची दिशा बदलत नसेल, तर टक्करीचा धोका आहे असे समजावे.

परंतु या नियमांचे मर्म आणखी खोल आहे. जिला बाजूस व्हावयाचे नाही तिने आपली दिशा व वेग कायम राखावा, असा नियम आहे. पण समोरची नौका चुकते आहे आणि तिच्या एकटीच्या हालचालीने टक्कर टळणार नाही असे दिसताच, हिनेही टक्कर टाळण्यास झटलेच पाहिजे. ‘वाट माझी होती’ एवढे म्हणून कर्तव्य संपत नाही.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली. शेकडो कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरले आणि मुंबई व न्हावा-शेवा या बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली. त्या दोन जहाजांशी ज्यांचा संबंध नव्हता, अशा असंख्य व्यापाऱ्यांचा माल अडकला.

आम्ही घाऊक धान्याचा व्यापार करणारे. आमच्याही पेठेत दोन गाड्या समोरासमोर अडतात, दोन पेढ्या एका सौद्यावर अडतात. हक्क कोणाचा हे मागाहून ठरवता येते. बुडालेला माल मागाहून वर काढता येत नाही. आमच्या तरुण व्यापारी बंधूंनी खलाशांच्या नियमांतून एवढे जरी घेतले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.