वही ठेवून चहाला गेलेलं ट्रान्झॅक्शन

रीडिंग रूममध्ये टेबलावर वही ठेवून चहाला गेलेला आणि दोन तास न परतलेला मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेलच. (कदाचित तो तुम्हीच असाल!) जागा रिकामी, पण बसता कुणालाच येत नाही. प्रोजेक्टच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्येही असा एक जण पुरतो, आणि ऐन डेमोत स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं.

समजा, तुमचा प्रोजेक्ट कॉलेज बसचं लोकेशन दाखवतो. बस 20, म्हणजे टेबलात ओळी फक्त 20. प्रत्येक ओळ दर सेकंदाला अपडेट होते. गंमत अशी, की पोस्टग्रेस जुनी ओळ लगेच पुसत नाही. नवी लिहितो आणि जुनी तशीच ठेवतो, कारण आधी सुरू झालेल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला ती अजून लागू शकते. हा कचरा उचलायला ‘ऑटोव्हॅक्यूम’ असतो. मूळ सेटिंगनुसार तो दर मिनिटाला चक्कर टाकतो आणि टेबलाच्या 20 टक्के अधिक 50, इतक्या ओळी मेल्या की झाडू हातात घेतो. तुमच्या टेबलासाठी हा आकडा जेमतेम 54.

आता सकाळी कुणीतरी टर्मिनलवर ‘बिगिन’ लिहिलं, ड्रायव्हरच्या टेबलात एक नाव बदललं आणि ‘कमिट’ न करताच लेक्चरला पळालं. झालं! त्यानंतर मेलेली एकही ओळ ऑटोव्हॅक्यूमला उचलता येत नाही. तो येतो, बघतो, परत जातो. तासाला 72,000 याप्रमाणे आठ तासांत 5,76,000 मेलेल्या ओळी, त्यात जिवंत फक्त 20. लोक मग ऑटोव्हॅक्यूमलाच शिव्या घालतात. काही महाभाग तर तो बंदच करून टाकतात!

खरा गुन्हेगार ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये सापडतो. तिथे त्याच्यापुढे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ लिहिलेलं असतं. त्याच्यासाठीच 2016 मध्ये, 9.6 आवृत्तीत, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट’ आला. त्याची मूळ किंमत 0, म्हणजे कितीही वेळ थांबा. ती पाच मिनिटं करा. पण नुसतं 5 लिहू नका हं, सर्व्हर ते पाच मिलिसेकंद समजेल! एकक लिहायचंच. ‘स्टेटमेंट टाइमआउट’चा इथे उपयोग नाही, कारण स्टेटमेंट कधीच संपलेलं असतं.

वेळ संपली की सर्व्हर ते सेशनच तोडतो आणि कमिट न केलेलं काम जातं. त्यामुळे तुमच्या अ‍ॅपला पुन्हा कनेक्ट होता आलं पाहिजे. डेटाबेसपुरती सेटिंग बदलली असेल, तर ती फक्त नव्या सेशनना लागू होते. आधीच अडकलेलं हातानेच बंद करावं लागतं. आणि एवढं करूनही फुगलेली फाइल सहसा बारीक होत नाही, आतली जागा फक्त पुन्हा वापरात येते. ती खरंच आटवायला ‘व्हॅक्यूम फुल’ आहे, पण तो चालू असेपर्यंत टेबलाला कुलूप असतं. डेमोच्या सकाळी त्याच्या वाटेला जाऊ नका.