घंटा झाली की कुदळ थांबायची

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, नंदाखाल, निर्मळ, गिरीज, पापडी या बाजूला ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना चर्चची घंटा ओळखीची असेल. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन वेळा ती वाजवायची जुनी पद्धत. तीन ठोके, जरा विश्रांती, परत तीन, परत तीन आणि मग लांबलेला नाद. बाहेरच्या माणसाला वाटते, वेळ सांगताहेत. वेळ तर सांगतातच, पण खरी ती हाक असते. देवदूताने मरियेला येशूच्या जन्माचा निरोप दिला आणि तिने तो मान्य केला, त्या प्रसंगाची ही प्रार्थना. लॅटिनमधल्या पहिल्या शब्दावरून तिला 'आंजेलुस' म्हणतात. म्हणायला दोन-तीन मिनिटे लागतात, जास्त नाही.

या पट्ट्यातला कॅथलिक समाज मूळचा वाडीवाला. केळी, पानवेली, भाजीपाला, फुले. विहिरीवर रहाट, वाफ्यात पाणी. बारे धरणारा माणूस दुपारची घंटा ऐकली की कुदळ टेकवून उभा राहायचा, डोक्याचे फडके काढायचा, क्रुसाची खूण करायचा. वाफा भरायच्या आत प्रार्थना आटोपलेली असायची. त्यासाठी कामाचा खाडा नाही की वेगळी सुट्टी नाही. फ्रान्समधला मिले हा चित्रकार स्वतः शेतकऱ्याच्या घरचा. त्याने १८५७ ते १८५९ या काळात याच प्रार्थनेचे चित्र काढले. बटाट्याचे शेत, जमिनीत रोवलेला काटा, पायाशी टोपली, आणि माना खाली घालून उभे असलेले नवरा-बायको. शेतात काम करताना घंटा झाली की आजी सगळ्यांना थांबवायची, ती आठवण या चित्रामागे असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. वसईच्या माणसाला त्या चित्रात परके काही वाटायचे कारण नाही.

आता अडचण कोठे आली? जनावराला जसा खुंटा लागतो, तसा प्रार्थनेलाही लागतो. तो खुंटा शेतीच्या वेळापत्रकाचा होता. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, विहिरींचे पाणी टँकरने गेले आणि मागाहून काही ठिकाणी खारे झाले, तरुण मंडळी चर्चगेटच्या गाडीला लागली. दुपारी बारा वाजता मुलगा अंधेरीच्या कचेरीत, सून कांदिवलीला, नातू शाळेत. घंटा होते, पण ऐकायला घरात म्हातारी एकटी. रात्री सगळे घरी येतात तेव्हा नऊ-साडेनऊ झालेले असतात आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. "देवावरचा विश्वास गेला असं नाही हो, फुरसतच मिळत नाही," हे उत्तर घरोघर ऐकायला मिळते. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. जुन्या माणसाला तरी फुरसत कोठे होती? पहाटे उठून भाजीची पाटी गाडीत चढवायची आणि परत येऊन पाणी धरायचे. फुरसत त्यालाही नव्हती, वेळ मात्र ठरलेली होती.

माळ आणि ओटी

संध्याकाळची माळ, म्हणजे रोझरी, ही या घरांतली दुसरी रीत. भिंतीवरच्या देव्हाऱ्यासमोर दिवा लावायचा आणि लहान-थोर सगळ्यांनी बसायचे. माळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात. प्रत्येक भागाला येशू आणि मरिया यांच्या जीवनातला एक प्रसंग मनात धरायचा आणि तोंडाने 'नमो मरिया' म्हणायचे. मुळात असे पंधरा प्रसंग होते. दीडशे स्तोत्रे पाठ नसलेल्या साध्या माणसांनी त्यांच्या जागी दीडशे वेळा ही प्रार्थना म्हणायची, अशी ती सोय. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यात येशूच्या उपदेशकार्याचे आणखी पाच प्रसंग जोडले. पाच भागांना पंधरा-वीस मिनिटे पुरतात. माळ झाली की धाकट्यांनी थोरांचा आशीर्वाद घ्यायचा.

एके काळी मिस्सा लॅटिनमध्ये असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून म्हणत आणि लोक मागे आपापली माळ ओढत, कारण भाषा कळत नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) लोकभाषेला वाट करून दिली आणि मिस्सा मराठीत आली. तरी मराठीतून भक्ती ही काही त्या दिवसापासूनची गोष्ट नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विटाचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीच गोव्यात रायतूर येथे छापले गेले होते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज अंमल संपला, तरी इथली भक्ती टिकली. राज्य बदलले म्हणून ओटीवरची माळ थांबली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

माळेविषयी एक तक्रार नेहमी होते. तोंड चालू असते आणि मन बाजारात असते. तक्रार रास्त आहे. टीव्ही बारीक आवाजात चालू ठेवून पाच भाग उरकण्यापेक्षा टीव्ही बंद करून एकच भाग म्हणावा, असे आम्हाला वाटते. दहा मणी, एक प्रसंग, चार मिनिटे. प्रसंग कोणता ते आधी कोणीतरी दोन वाक्यांत सांगावे, शक्यतो घरातल्या लहान मुलाने. ज्याला वाचनाची आवड आहे त्याने त्या प्रसंगाचा शुभवर्तमानातला उतारा काढावा. नंदाखालचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सोप्या मराठीत करून ठेवले आहे. साहित्य अकादमीने त्याला अनुवादाचा पुरस्कार दिला. फादर २०२४ साली गेले, पण पुस्तक आहे.

देवासमोरची रोजकीर्द

रात्री उशिरा येणाऱ्यांसाठी आणखी एक जुनी रीत आहे. वसईत माळेइतकी ती बोलली जात नाही. जेज्विट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१ ते १५५६) यांनी आपल्या माणसांना दिवसाचा आढावा घ्यायला शिकवले. बाकी प्रार्थना एखादे दिवशी राहिली तर राहू द्या, ही चुकवू नका, असा त्यांचा आग्रह सांगतात.

ग्रामसेवक मंडळींना ही रीत लगेच कळेल, कारण ती रोजकीर्दीसारखी आहे. दिवसभरात जमा काय, खर्च काय, शिल्लक काय. अंथरुणावर बसून पाच मिनिटे आजचा दिवस सकाळपासून डोळ्यांसमोर आणायचा. आधी जमेची बाजू: कोणी मदत केली, काय मिळाले, कशाबद्दल आभार मानायचे. मग कोठे चुकलो: कोणाला टाकून बोललो, मजुराची मजुरी उद्यावर ढकलली, ओळीत उभ्या म्हातारीला दाखल्यासाठी उगाच दुसऱ्यांदा बोलावले. त्याची देवाजवळ क्षमा मागायची आणि उद्या कोणते एक काम नीट करायचे ते ठरवून झोपायचे. कीर्द महिनाअखेर एकदम लिहायला बसले की काय होते ते तपासणी आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मनाचेही तेच. रोज लिहिले तर पाच ओळींत भागते.

यात एक गोष्ट बरी आहे. या प्रार्थनेला कामापासून पळता येत नाही, कामच तिचा मजकूर असते. शेतकऱ्यांचा संत म्हणून चर्च ज्यांना मानते ते संत इसिदोर स्पेनमधल्या माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर राबणारे गडी होते. पहाटे चर्चला जाऊन येतो म्हणून हा कामावर उशिरा येतो, अशी सोबतच्या गड्यांनी मालकाकडे चुगली केली. मालक लपून पाहतो तर इसिदोर प्रार्थनेत आणि नांगर देवदूत धरताहेत, अशी आख्यायिका आहे. १६२२ साली, फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरच, या गड्याला संतपद दिले गेले. १५ मे हा त्यांचा दिवस. आपल्याकडे मळा सोडून पंढरीला न जाणारे अरणचे सावता माळी आठवावेत आणि दळायला हात लावणारा जनाबाईचा विठ्ठल आठवावा, अशीच ही कथा.

जेवणाआधीची प्रार्थना तर अर्ध्या मिनिटाची. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पर्यावरणावर जे परिपत्रक काढले त्यात जेवणाआधी आणि नंतर थांबून आभार मानण्याची रीत पुन्हा धरा, असे मुद्दाम लिहिले आहे. ज्यांच्या कष्टाने हे अन्न आले त्यांचीही त्यात आठवण होते, असे त्यांचे म्हणणे. शेतकऱ्याला बाजारात भाव मिळो न मिळो, कोणाच्या तरी ताटासमोर त्याचे नाव निघते एवढे तरी समाधान.

पाळी आली की

सर्वांत अवघड भाग शेवटी. ऑक्टोबर हा माळेचा महिना. या महिन्यात आळीतल्या घरांच्या पाळ्या लावायच्या आणि रोज एकेका घरी जमून माळ म्हणायची, ही रीत ज्या आळीत चालते तिथे पंचाईत ठरलेली. बांधावरून, सामाईक विहिरीच्या पाळीवरून किंवा सात-बाऱ्यावरच्या नावावरून ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याचेही घर यादीत असते. तलाठी आणि सर्कल साहेबांना अशा भाऊबंदक्या पाठ असतात. जबाब घ्यायला जावे तर दोन्ही घरांच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर.

येशूची या बाबतीतली शिकवण स्पष्ट आहे. वेदीपाशी दान आणले आणि भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी भावाकडे जायचे. मणी किती ओढले याचा हिशेब त्यात कोठे नाही. प्रार्थना खोल झाली की नाही याची यापेक्षा रोकडी खूण आमच्या तरी पाहण्यात नाही. कज्जा लगेच मिटतो असे कोणी म्हणत नाही. कोर्टातली तारीख कोर्टात राहते. पण एका ओटीवर, एकाच दिव्यासमोर, आळीपाळीने अर्धी-अर्धी 'नमो मरिया' म्हणावी लागते. पहिला अर्धा भाग यांनी म्हणायचा आणि उरलेला त्यांनी पुरा करायचा, तशी ती प्रार्थनाच आहे.

माळ संपली की घरातली सून चहा घेऊन येते. तो कप उचलायचा की नाही, हे ज्याचे त्याला तिथेच, सगळ्यांच्या देखत ठरवावे लागते.