दाबयंत्राखाली सापडलेली जाहिरात

कापडाच्या गाठी बांधणारा प्रेस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याची ताकद वेगळी सांगायला नको. वरून लोखंडी पाट खाली येतो, फुगलेला माल दबत जातो आणि शेवटी दगडासारखी घट्ट गाठ बाहेर पडते. पण गाठ सोडली की थान जसेच्या तसे निघते. माल दबतो, मोडत नाही. मे २०२४ मध्ये ॲपल या जगप्रसिद्ध अमेरिकी कंपनीने असाच एक प्रेस आपल्या जाहिरातीत दाखवला. त्याच्याखाली जे जे आले ते मात्र कायमचे मोडले, आणि त्यासोबत जाहिरातही मोडली. दोन दिवसांत कंपनीला माफी मागावी लागली.

एवढ्या मोठ्या कंपनीची चूक आपल्यासारख्या छोट्या व्यापाऱ्याने आणि कारागिराने का अभ्यासावी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. ही चूक पैशाअभावी झालेली नव्हती. गिऱ्हाईक कोण आहे याचा विसर पडल्यामुळे ती झाली होती, आणि हा विसर पेढीवर बसणाऱ्या कोणालाही पडू शकतो.

जाहिरातीत होते तरी काय?

७ मे २०२४ रोजी ॲपलने आयपॅड प्रो या पाटीसारख्या सपाट संगणकाचा नवा नमुना जाहीर केला. तेरा इंची नमुन्याची जाडी अवघी ५.१ मिलिमीटर होती. कंपनीने तोपर्यंत बनवलेल्या कोणत्याही वस्तूपेक्षा तो पातळ होता. भारतात त्याची सुरुवातीची किंमत १,२९,९०० रुपये ठेवण्यात आली होती. कंपनीचे त्या वेळचे प्रमुख टिम कुक यांनी त्याच दिवशी सुमारे एका मिनिटाची एक चित्रफीत लोकांसमोर ठेवली.

एका मोठ्या दाबयंत्रावर वस्तूंचा ढीग रचलेला आहे. पियानो, गिटार, तुतारीसारखे पितळी वाद्य, रंगांचे डबे, पुतळ्याचे डोके, कॅमेऱ्याची भिंगे, तबकडी वाजवण्याचे यंत्र, जुना व्हिडिओ गेम. पार्श्वभूमीला एक जुने प्रेमगीत वाजते आणि वरचा पाट खाली येऊ लागतो. वाद्य वाकते, रंग फुटून ओघळतात, पियानोच्या फळ्या तडकतात. सगळ्याचा चुराडा होतो. मग पाट वर उचलला जातो आणि खाली दिसतो तो चकचकीत आयपॅड.

कंपनीला सांगायचे होते ते असे की, ही सगळी साधने या एका पातळ वस्तूत सामावली आहेत. कल्पना कागदावर ठीक होती. पण "सामावणे" आणि "चिरडणे" यांत फार मोठे अंतर आहे. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सामावणे दिसलेच नाही.

राग कशाचा आला?

जगभरातून टीकेचा वर्षाव झाला. इंग्रज अभिनेते ह्यू ग्रँट यांनी लिहिले की हा मानवी अनुभवाचा विध्वंस आहे आणि तो सिलिकॉन व्हॅलीच्या कृपेने होत आहे. वादक, चित्रकार, छायाचित्रकार अशा हजारो लोकांनी जवळपास हेच आपापल्या शब्दांत सांगितले. एका चित्रपट दिग्दर्शकाने तर तीच चित्रफीत उलटी चालवून दाखवली. पाट वर जातो आणि मोडलेली वाद्ये पुन्हा अखंड होऊन उभी राहतात. उलटी जाहिरात मूळ जाहिरातीपेक्षा बरी, असे लोक म्हणू लागले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. २००८ साली एलजी या कोरियन कंपनीने आपल्या एका मोबाइल फोनसाठी जवळजवळ अशीच जाहिरात केली होती. तीतही वाद्ये आणि रंग दाबयंत्राखाली चिरडून शेवटी फोन बाहेर येत होता. तेव्हा असा गहजब झाला नाही. मग २०२४ मध्येच का झाला?

कारण मधल्या काळात बाजाराचे वारे बदलले होते. २०२२ च्या अखेरीपासून लेख लिहिणारी, चित्रे काढणारी, गाणी रचणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे सर्वसामान्यांच्या हाती आली. २०२३ मध्ये हॉलीवूडचे पटकथालेखक मे ते सप्टेंबर आणि कलावंत जुलै ते नोव्हेंबर संपावर गेले. यंत्राने आपले काम हिरावू नये, ही त्यांच्या मागण्यांपैकी एक प्रमुख मागणी होती. ज्याच्या मनात रोजीरोटीची धास्ती आहे, त्याच्यासमोर त्याचेच साधन चिरडून दाखवले तर तो टाळ्या कशा वाजवील? चित्र तेच होते, पण पाहणाऱ्याच्या जखमेवर आता बोट पडले होते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आयपॅड प्रो हा महागडा नमुना घेणारे गिऱ्हाईक कोण? चित्रकार, संगीतकार, छायाचित्रकार, नकाशे आणि नक्षी काढणारे लोक. ॲपलची बाजारातील पतच मुळी अशा हुनरमंद लोकांनी उभी केली. जानेवारी १९८४ मध्ये रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेली ॲपलची जाहिरात आजही दाखल्यादाखल सांगितली जाते. तीत एक तरुणी धावत येऊन हुकूमशहाच्या भल्यामोठ्या पडद्यावर घण फेकते. तेव्हा कंपनी माणसाच्या बाजूने उभी होती आणि यंत्रासारखी सत्ता मोडत होती. चाळीस वर्षांनी तीच कंपनी यंत्राच्या बाजूने उभी दिसली आणि मोडत होती ती माणसाची साधने.

औजाराची इज्जत

जपानमधून उमटलेली नाराजी विशेष तीव्र होती. तेथे औजाराकडे निर्जीव वस्तू म्हणून पाहण्याची रीत नाही. शिंपीकाम आणि भरतकाम करणारे लोक वर्षातून एकदा, बऱ्याच भागांत ८ फेब्रुवारीला, मोडलेल्या आणि बोथट झालेल्या सुया एकत्र आणतात. त्या सोयाबीनच्या दह्यासारख्या मऊ वडीत खोचून त्यांचा निरोप घेतात. सुईने वर्षभर जाड कापडात मेहनत केली, आता तिला मऊ जागी विश्रांती मिळावी, अशी त्यामागील भावना. ज्या समाजात मोडक्या सुईचीही एवढी कदर, तेथे धडधाकट पियानो चिरडलेला कोणाला रुचेल?

आपल्याकडील कारागिराला हे समजावून सांगावे लागत नाही. नव्या शागिर्दाला उस्ताद पहिला धडा देतो तो औजार पुसून जागेवर ठेवण्याचा. रंधा, करवत, कातर पायाखाली येऊ न देण्याचा रिवाज घराघरांत आहे.

मिरजेचा दाखला घ्या. तेथील सतार आणि तानपुरा या दोन्ही वाद्यांना २०२४ सालीच भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये घडवणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारी-भाल्यांची मागणी आटली तेव्हा त्यांनी हातातील हुनर तंतुवाद्यांकडे वळवले. मंगळवेढ्याकडचा भोपळा आणून, वाळवून, कोरून त्याला गळा चढवायचा, जवारी काढायची, हे काम आजही हातानेच होते. आता तानपुऱ्याचा सूर देणारी ॲप आयपॅडवरही मिळतात, आणि रियाजाला त्यांचा उपयोगही होतो. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. नव्या यंत्राला आपला कारागीर कधीच घाबरून बसला नाही. भिवंडी-मालेगावात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, तीही विणकरांच्याच हातून. पण नवे आणणे ही एक गोष्ट आणि जुन्याची फजिती करून हसणे ही दुसरी.

माफी कशी मागितली?

या प्रकरणात कंपनीची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. जाहिरात आली ७ मे रोजी आणि ९ मे रोजी कंपनीच्या विपणन विभागाचे उपाध्यक्ष टोर मायरन यांनी जाहिरात-व्यवसायातील 'ॲड एज' या नियतकालिकाकडे निवेदन दिले. आमचा नेम चुकला, आम्हाला खेद आहे, असा त्याचा आशय होता. "कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास" असली पळवाट त्यांनी ठेवली नाही. चूक आपल्याकडे घेतली आणि ही जाहिरात दूरचित्रवाणीवर दाखवण्याचा बेतही सोडून दिला.

तरीही नुकसान व्हायचे ते झाले. सॅमसंग या प्रतिस्पर्धी कंपनीने आठवड्याभरातच जाहिरात काढली. तीत चिरडलेल्या ढिगाऱ्यातून एक तरुणी मोडकी गिटार उचलते आणि सॅमसंगच्या टॅब्लेटवर स्वरलिपी पाहून वाजवू लागते. एकाच्या चुकीवर दुसऱ्याने आपला माल मांडला. बाजाराचा हा नियमच आहे.

त्याच उन्हाळ्यात पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी गूगलनेही अशीच ठेच खाल्ली. एक बाप आपल्या लहान मुलीचे आवडत्या धावपटूला पाठवायचे पत्र यंत्राकडून लिहून घेतो, अशी ती जाहिरात होती. मुलीचे पत्र मुलीनेच लिहावे, त्यात चुका असल्या तरी तोच त्याचा गोडवा, असे लोक म्हणाले. ऑगस्टच्या सुरुवातीला गूगलने ऑलिंपिकच्या प्रक्षेपणातून ती काढून घेतली.

आपल्या बाजारासाठी धडा

व्यापारी बंधूंनो, समजा एखाद्याने जरीकामाच्या वस्तीत संगणकावर चालणारे भरतकामाचे यंत्र विकायला आणले आणि दुकानावर फलक लावला की "आता अड्डा मोडा, सुई फेका". यंत्र उत्तम असेल. पण त्याच गल्लीतील कारागीर त्याच्याकडून धागा, टिकल्या आणि कापड नेतात. फलक वाचून ते दुसरे दुकान शोधतील, आणि ज्याला उद्या यंत्र घ्यायचे होते तोही सोबत जाईल. तोच फलक असा लिहिला की "नक्षी तुमची, मेहनत थोडी हलकी", तर तोच कारागीर आत येऊन भाव विचारील.

म्हणून जाहिरात छापण्यापूर्वी, मग ती हस्तपत्रिका असो, फलक असो वा मोबाइलवरची चित्रफीत, तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझा माल घेणारा माणूस रोज हातात काय धरतो? या जाहिरातीत त्या वस्तूची इज्जत राहिली आहे का? आणि सध्या त्याच्या मनात कशाची धास्ती आहे? या प्रश्नांची उत्तरे कार्यालयात बसून मिळत नाहीत. फलक टांगण्याआधी तो एखाद्या जुन्या कारागिराला दाखवावा आणि त्याचा चेहरा वाचावा. कागदाचा खर्च त्यात वाचेल, आणि त्याहून मोलाची असलेली गिऱ्हाइकाची साथही टिकेल.