नव्या गाडीचा रंग टिकवायचा कसा?

दसरा, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया असे मुहूर्त साधून दारात आलेली नवी मोटार वर्षभरातच निस्तेज दिसू लागते, अशी अनेक वाहनधारकांची तक्रार असते. त्यासाठी उन्हाला, पावसाला किंवा कंपनीच्या रंगकामाला दोष दिला जातो. मात्र, भर उन्हात बॉनेटकडे तिरक्या नजरेने पाहिल्यास सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोलाकार ओरखडे दिसतात. चकाकी हिरावून घेतात ते हेच ओरखडे आणि त्यांतील बहुतेक पडतात ते रोज सकाळी गाडी पुसणाऱ्या कोरड्या फडक्याने.

हे असे का होते, हे समजण्यासाठी रंगाची रचना जाणून घ्यायला हवी. आजच्या मोटारीवर रंगाचे साधारणपणे चार थर असतात. कारखान्यात पत्र्याची संपूर्ण बॉडी प्रथम प्रायमरच्या टाकीत बुडवली जाते आणि विजेच्या साह्याने हा प्रायमर कानाकोपऱ्यांत बसवला जातो. गंजापासून खरे संरक्षण मिळते ते या थरामुळे. त्यावर पृष्ठभाग गुळगुळीत करणारा दुसरा प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. या सगळ्यांची एकत्रित जाडी १०० ते १३० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे वहीच्या कागदाहून किंचित अधिक असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातही क्लिअर कोट केवळ ३५ ते ५० मायक्रॉनचा. डोक्याचा केससुद्धा सहसा त्याहून जाड असतो. अतिनील किरण अडवणारी रसायने याच थरात असतात. तो झिजला, की खालचा रंग विटायला वेळ लागत नाही.

आता मुंबई-पुण्यातील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील पहाट आठवावी. गाड्या पुसणारा एक बादली, एक पिवळे फडके घेऊन दहा-पंधरा गाड्या तासाभरात उरकतो. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे गारगोटीचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. फडक्याखाली सापडलेला हा कण काचकागदाचे काम करतो. शेजाऱ्याच्या गाडीची धूळ त्याच पाण्यातून आपल्या गाडीवर येते, ते वेगळेच. यात त्या माणसाचा दोष नाही. महिन्याच्या तुटपुंज्या पैशांत त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा करता येत नाही. त्याला आपल्या गाडीपुरती दोन मायक्रोफायबरची फडकी द्यावीत आणि रोज केवळ काचा पुसण्यास सांगावे. आठवडाभर धूळ तशीच राहिली तरी रंगाचे काही बिघडत नाही. ती कोरडी घासली तर मात्र बिघडते.

धुताना आधी भरपूर पाणी सोडून सुटी धूळ वाहू द्यावी. नंतर मोटारीसाठीचा शाम्पू वापरून टपापासून खाली यावे, कारण सर्वाधिक खडी आणि चिखल दाराच्या खालच्या भागात असतो. दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूची, दुसरी फडके खळबळण्याची. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर टाळावी. तेलकटपणा काढणारी ही द्रव्ये रंगावरील वॅक्सही धुऊन नेतात. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाणी ओतू नये. विशेषतः विंधन विहिरीच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जाते आणि क्षारांचे पांढरे ठिपके मागे राहतात. धुतल्यावर गाडी लगेच टिपून कोरडी करणे हाच त्यावरचा सोपा उपाय आहे.

पक्ष्यांच्या विष्ठेच्या बाबतीत मात्र रविवारची वाट पाहू नये. तिच्यातील युरिक आम्ल आणि उन्हाने मऊ झालेला क्लिअर कोट एकत्र आले, की काही तासांतच कायमचा डाग उमटू शकतो. ओले फडके काही मिनिटे डागावर ठेवून, तो भिजल्यावर अलगद उचलून घ्यावा. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना मोहराच्या दिवसांत टपावर चिकट थर आढळतो. तो तुडतुड्यांनी सोडलेला गोड द्रव असतो. त्यावर धूळ बसून काळपट पापुद्रा धरतो. कोमट पाण्याने तो वेळीच निघतो.

गाडीच्या पूजेबद्दल सांगताना अनेकांना संकोच वाटतो. पण सांगायला हवे. हळद-कुंकवाने रंगाचे सहसा नुकसान होत नाही. नुकसान होते ते दुसऱ्या दिवशी वाळलेले कुंकू कोरड्या कापडाने खरवडून काढताना आणि हाराची तार बॉनेटवर घासताना. हार दोऱ्यात ओवलेला घ्यावा, स्वस्तिक शक्यतो काचेवर काढावे आणि नंतर सगळे पाण्याने भिजवूनच पुसावे.

खरा गोंधळ होतो तो गाडी ताब्यात घेताना, शोरूममध्ये सुचवल्या जाणाऱ्या लेपांचा. ‘टेफ्लॉन’ म्हणून जे चोळले जाते, त्याची तव्यावरच्या थराशी तुलना करू नये. तव्यावर ते चिकटवण्यासाठी ३०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. गाडीवर हाताने लावलेला लेप प्रामुख्याने चांगल्या पॉलिशचेच काम करतो आणि काही महिन्यांत उतरतो. सिरॅमिक लेप त्याहून टिकाऊ असतो. सिलिकावर आधारित या थरामुळे पाणी व चिखल लवकर ओघळतो आणि धुणे सोपे होते. परंतु त्याची जाडी मोजक्या मायक्रॉनची असते. जाहिरातीतील ‘९ एच’ ही कठीणता पेन्सिलींच्या मापपट्टीवरची आहे, हिऱ्या-माणकांच्या नव्हे. उडालेला खडा तो रोखू शकत नाही. ते काम करते पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे मूळ रंगाहूनही जास्त असते. संपूर्ण गाडीला ती लावण्याचा खर्च मोठ्या गाडीसाठी लाखाच्या पुढे जाऊ शकतो. घाटरस्त्यांवर वा महामार्गावर नित्य प्रवास करणाऱ्यांनी केवळ बॉनेटची पुढची कड, बंपर आणि आरशांपुरती ती लावली तरी पुरते. बाकीच्यांचे उत्तम वॅक्स आणि वरील शिस्त यांवर भागते, असे आमचे मत आहे.

‘नव्या गाडीला तीन महिने वॅक्स लावू नका’ हा सल्लाही सर्रास दिला जातो. कारखान्यातील रंग सुमारे १४० अंशांच्या भट्टीत पक्का झालेला असतो, त्यामुळे त्याला असे पथ्य नाही. हे पथ्य अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागासाठी आहे. तेथे प्लॅस्टिक व वायरिंगमुळे एवढी उष्णता देता येत नाही आणि रंग पूर्ण वाळण्यास काही आठवडे लागतात. उलट, प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी सुचवले जाणारे ‘रबिंग-पॉलिश’ नव्या गाडीला नाकारावे. रबिंग म्हणजे क्लिअर कोट घासून पातळ करणे. ओरखडे दिसेनासे होतात ते त्यांच्या भोवतालचा थर उतरल्यामुळे, आणि तो पुन्हा भरून येत नाही.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ती दिवसाउजेडी, कोरडी असताना पाहावी. वाहतुकीत लागलेला धक्का रंगवून झाकलेला असल्यास छटेत किंचित फरक दिसतो. शंका आल्यास रंगाची जाडी मोजणारे यंत्र वापरण्याचा आग्रह धरावा. एकाच भागावर २०० मायक्रॉनच्या पुढचा आकडा आला, तर लेखी खुलासा मागावा. टपावरील पांढरी संरक्षक फिल्म ‘नवेपणा’ म्हणून महिनोन् महिने ठेवू नये; उन्हाने तिचा गोंद रंगाला धरतो. कापडी आवरण धूळ बसलेल्या वा ओल्या गाडीवर घालू नये.

रत्नागिरी, अलिबाग, पणजी अशा किनारपट्टीवरील वाहनधारकांनी खड्यांमुळे उडालेल्या टवक्यांकडे अधिक लक्ष द्यावे. टवका पत्र्यापर्यंत गेला, तर खाऱ्या दमट हवेत तेथे गंज लवकर धरतो आणि रंगाखालून पसरत जातो. गाडीवरील पट्टीवर रंगाचा संकेतांक नोंदवलेला असतो. त्याच रंगाची छोटी टच-अप बाटली बहुतेक वितरकांकडे मिळते. टवका स्वच्छ, कोरडा करून त्यात रंगाचा थेंब भरण्याचे काम घरीही करता येते. मात्र, ते पावसाळ्यापूर्वीच उरकावे.