नोटीस मिळाल्यानंतरचे चार दिवस

4 जून 1973 रोजी हाँगकाँगमध्ये पीटर गॉडबर या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याच्या हाती एक नोटीस पडली. तुमच्याकडचा पैसा कुठून आला, याचा आठवडाभरात खुलासा करा, असं तीत म्हटलं होतं. आरोपीला अशी संधी द्यावी, ही कायद्याचीच अट होती. गॉडबर चीफ सुपरिंटेंडेंट होता, निवृत्ती तोंडावर आली होती. खुलासा त्याने केलाच नाही. 8 जूनला तो काई टाक विमानतळावर गेला, पोलीस म्हणून मिळालेला विमानतळाचा पास दाखवून पासपोर्ट तपासणीला बगल दिली आणि सिंगापूरमार्गे लंडन गाठलं. मागे जो हिशेब लागला तो 43 लाख हाँगकाँग डॉलरचा होता, म्हणजे त्याच्या जवळजवळ एकवीस वर्षांच्या निव्वळ पगाराच्या सुमारे सहापट.

त्याच्यामागे लागलेली शाखा त्याच्याच खात्याची होती. 1952 पासून लाचलुचपतीचा तपास पोलिसांतलीच एक शाखा करत असे. तिथले सगळेच नालायक होते असं मी म्हणणार नाही; गॉडबरच्या संपत्तीचा माग त्यांनीच काढला होता. पण ज्या पासावर तो निसटला, तोही त्याच खात्याचा होता.

हप्ता हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. हाँगकाँगच्या पोलिसांत त्यासाठी बसची उपमा रूढ होती. बसमध्ये चढा, म्हणजे वाटा घ्या. नको असेल तर बाजूने चालत राहा. पण बससमोर उभे राहू नका. यातला मधला माणूस मला सगळ्यात अस्वस्थ करतो. तो पैसे घेत नाही, घरी जाऊन शांत झोपतो, आणि शेजारच्या टेबलावरचं पाकीट त्याला कधी दिसलेलं नसतं. खात्याच्या चौकशीत साक्षीला बोलवायचं ते नेमकं त्याला.

लोक रस्त्यावर आले, व्हिक्टोरिया पार्कात गॉडबरला पकडा म्हणून सभा झाली. न्यायमूर्ती ब्लेअर-केर यांनी चौकशी केली आणि गव्हर्नर मॅक्लिहोज यांनी लाचलुचपतीच्या तपासाचं काम पोलिसांकडून काढून घेतलं. 15 फेब्रुवारी 1974 रोजी स्वतंत्र आयोग सुरू झाला. तो थेट गव्हर्नरला जबाबदार होता. बेहिशेबी संपत्ती हा ब्रिटनमध्ये गुन्हाच नव्हता, त्यामुळे गॉडबरला परत आणायचं तर प्रत्यक्ष लाचेचा पुरावा हवा होता. तुरुंगात गेलेल्या एका माजी पोलीस अधिकाऱ्याने साक्ष दिली तेव्हा तो मिळाला. 1975 मध्ये गॉडबरला चार वर्षांची शिक्षा झाली.

आयोग पुढे खालच्या पोलिसांच्या हप्त्याच्या साखळ्यांपर्यंत पोचला, तेव्हा मात्र खातं उसळलं. 28 ऑक्टोबर 1977 रोजी हजारो पोलिसांनी मोर्चा काढला आणि काही जण आयोगाच्या कार्यालयात घुसून मारहाण करून गेले. आठवडाभरात सरकार नमलं: 1 जानेवारी 1977 पूर्वीच्या बहुतेक गुन्ह्यांवर पडदा टाकण्यात आला. हा निर्णय मला आजही खटकतो. पण पोलिसांचं बंड अंगावर घेणं त्या सरकारला झेपलं नसतं, हेही खरं.

आपल्याकडे महाराष्ट्रात हे काम लाचलुचपत प्रतिबंधक विभाग करतो. त्याचा सापळा कसा लागतो हे बघण्यासारखं असतं. तक्रारदाराच्या नोटांना अँथ्रासीनची पूड लावतात. पंच सोबत असतात. हवालदाराने लाच घेतली की अतिनील दिव्याखाली बोटांवर निळसर चमक दिसते, कधी शर्टाच्या खिशावरही. पंचनामा होतो, हवालदाराला दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं करतात. ती पूड ज्या हाताने पैसे घेतले त्या हातापाशीच थांबते. कलेक्शन कोणासाठी होतं, हे विचारायला बँकेची खाती, जमिनीचे उतारे, नातेवाइकांच्या नावचे फ्लॅट धुंडाळावे लागतात, आणि तेही मोठ्या साहेबांचे.

ते धुंडाळणारा अधिकारी मूळचा पोलीसच असतो. विभागाचे महासंचालकही पोलीस सेवेतलेच असतात आणि विभाग गृहखात्याच्या छायेत चालतो. चांगले अधिकारी तिथे जातात, जीव ओतून काम करतात. मग प्रतिनियुक्ती संपते, बदलीचा आदेश येतो आणि त्यांना पुन्हा पोलीस ठाण्यात रुजू व्हावं लागतं. काल ज्या हवालदाराला पकडलं, त्याच्याच साहेबाला सकाळी सॅल्यूट ठोकावा लागतो.