आधी अडचण लिहून काढा



“साहेब, खोडवा पिवळा पडलाय, काय टाकू?” गट ऑफिसात हा प्रश्न नेहमी येतो. एवढ्यावर खत सांगणे म्हणजे अंधारात दगड मारणे. तरी येण्याआधी पुढील माहिती कागदावर लिहावी.

१) पिवळेपणा कोणत्या पानांवर? खालच्या जुन्या पानांपासून सुरुवात असेल, तर बहुधा नत्र कमी पडले. कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात खोडव्याला ती बऱ्याचदा दिसते.

२) सगळ्या फडात, की पाणी साचते त्या सखल भागातच?

३) केव्हापासून? त्याआधी पाणी आणि खत कधी व किती दिले?

४) बेट ओढून पाहिले का? सहज हातात आले व मुळ्या खाल्लेल्या असल्या, तर हुमणी शोधा.

लिहायला बसले की कळते, निम्मे आपण पाहिलेलेच नाही. मग माणूस पुन्हा रानात जातो, आणि पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते. सखल कोपराच पिवळा असेल, तर युरियाचे पोते फोडण्याआधी चर काढावा, हे सांगायला साहेब कशाला? लोह कमी असेल, तर शेणखतात मुरवलेले हिराकस उपयोगी पडते; तिथे नुसता युरिया टाकून भागत नाही.

उधारीच्या खताची रक्कम शेवटी ऊस बिलातूनच कापली जाते. लिहिता येत नसेल, तर घरच्या शाळकरी पोराकडून लिहून घ्यावे. कागदासोबत वरचे व खालचे एकेक पान जरूर आणावे.

– ऊस विकास अधिकारी