तयार संगणक सुधारावा कीं नवा जुळवावा?

गेल्या मे महिन्यांत आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. आंब्याच्या हंगामाचे थोडे पैसे त्यांच्या हातीं आले होते. घरीं सहा वर्षांपूर्वीं घेतलेला तयार संगणक होता. तो इतका मंदावला होता कीं, कळ दाबून मुलानें आंघोळ उरकली तरी तो कामास लागलेला नसे. "सर, ह्यालाच नवे भाग बसवूं, कीं सुटे भाग आणून नवाच जुळवूं?" असा त्यांचा प्रश्न होता. त्याच पैशांतून मुलाच्या अकरावीची फी व पुस्तकें व्हावयाचीं होतीं. हाच प्रश्न पुष्कळ घरांत पडत असल्यामुळें त्याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

मेजावरील संगणक ही एकसंध वस्तु नव्हे. हिशेब करणारा प्रोसेसर, हातांतील काम तेवढ्यापुरतें धरून ठेवणारी रॅम, वीज गेली तरी मजकूर जपणारी डिस्क, ह्या सर्वांस जोडणारा मदरबोर्ड आणि घरांतील वीज सौम्य करून प्रत्येकास पुरविणारा पॉवर सप्लाय, हे त्याचे मुख्य अवयव होत. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणिला, तेव्हां जादा कार्डें बसविण्यासाठीं त्यांत पांच खांचा ठेविल्या होत्या. पुढें १९९५ सालीं इंटेल कंपनीनें ए. टी. एक्स. नांवाचें माप ठरविलें. एका कारखान्याचा बोर्ड दुसऱ्याच्या पेटींत बसतो, तो अशा मापांमुळेंच.

जुन्या यंत्रांत सर्वांत सोपी सुधारणा रॅम व डिस्क यांची. हार्डडिस्कमध्यें तबकडी फिरते व तीवर एक दांडी मजकूर शोधीत हिंडते; ह्या हिंडण्यांतच वेळ जातो. एस. एस. डी. मध्यें हलणारा भागच नसतो. साधी हार्डडिस्क सेकंदास शंभर-दीडशें मेगाबाईट मजकूर देते, तर साटा जातीची एस. एस. डी. सुमारें पांचशें देते. आणि विखुरलेल्या लहान फाइली वाचतांना हें अंतर ह्याहूनहि पुष्कळ वाढतें. रॅम घेतांना मात्र जात पाहावी. डी. डी. आर. ३, ४ व ५ यांच्या पट्ट्यांवरील खांच निरनिराळ्या जागीं असते. एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं, व ती बळानें बसवूंहि नये.

अडचण यापुढें येते. पेटी लहान व किंमत कमी ठेवण्यासाठीं तयार यंत्राचे कारखानदार पुष्कळदां बोर्ड व पॉवर सप्लाय आपल्याच मापाचे करितात. मग बाजारांतील दुसरा भाग त्यांस लागत नाहीं. पॉवर सप्लायहि मूळच्या गरजेपुरताच असतो. एकदां आम्हीं स्वतःच अशा यंत्रासाठीं मोठें ग्राफिक्स कार्ड आणिलें. तें पेटींत मावलें; परंतु त्यास लागणारी विजेची वेगळी तारच त्या पॉवर सप्लायला नव्हती. कार्ड फडताळांत पडून राहिलें. आपल्याकडील बागाईतदार जुन्या झाडावर कलम बांधण्यापूर्वीं खोड व मूळ निरोगी आहे कीं नाहीं तें पाहतो. बोर्ड व पॉवर सप्लाय हीं संगणकाचीं मुळें होत.

नवा संगणक जुळविण्याचा लाभ हा कीं, हीं मुळें आपणच निवडतों. प्रमाणित मापाचे भाग घेतले म्हणजे पुढें पेटी, पॉवर सप्लाय व डिस्क तशींच ठेवून बोर्ड व प्रोसेसर तेवढे बदलतां येतात. परंतु त्याबरोबर भारहि येतो. प्रत्येक भागाची हमी वेगळी; बिघाड कोठें आहे तें आपणच हुडकावयाचें; आणि तयार यंत्राबरोबर आलेली विंडोज सामान्यतः त्याच्याच बोर्डाशीं बांधलेली असल्यामुळें नव्या यंत्रासाठीं ती निराळी घ्यावी लागते. मुंबईस ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग मुबलक मिळतात. पण भाग सदोष निघाल्यास रत्नागिरीहून परत जाण्याचा खर्च हिशेबांत धरावा. शिवाय आपल्या खाऱ्या, दमट हवेंत जोडण्यांवर गंज चढतो व पावसाळ्यांत वीज वारंवार जाते. म्हणून पैसे बेताचे असतील तर वेगवान प्रोसेसरपेक्षां चांगल्या पॉवर सप्लायकडे आधीं लक्ष द्यावें.

जुळणी हें हलकें काम आहे, असें विद्यार्थ्यांनीं समजूं नये. १९८८ सालीं पुणें येथें सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. परदेशांतून महासंगणक मिळण्यास अडथळे येत असतां, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथील मंडळींनीं ट्रान्सप्युटर नांवाचे, बाजारांत मिळणारे अनेक प्रोसेसर एकमेकांस जोडून १९९१ सालीं 'परम ८०००' उभा केला. प्रोसेसर तयार मिळाले. त्यांच्याकडून एकजुटीनें काम कसें करवून घ्यावें, हें ज्ञान मात्र त्यांस स्वतःच मिळवावें लागलें.

आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. विंडोज ११ साठीं टी. पी. एम. २.० ही सुरक्षेची सोय व मान्य यादींतील प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रांत हें नसेल, तर त्यावर मोठा खर्च करूं नये. लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालून तें साध्या अभ्यासास वापरावें, व पैसे सांठवून नवें घ्यावें.

त्या पालकांचें यंत्र आम्हीं वीज काढून, विद्यार्थ्यांसमक्ष उघडिलें. रॅम चार गिगाबाईट, शेजारीं एक खांच मोकळी, डिस्क फिरती, आणि प्रोसेसर विंडोज ११ ला चालणारा. जुना मजकूर आधीं उतरवून घेतला. एक रॅमची पट्टी व एक एस. एस. डी. एवढ्यावर काम भागलें, व उरलेल्या पैशांत फी भरली गेली. पेटी बंद करण्यापूर्वीं त्या मुलानें प्रत्येक भागाचें नांव व माप आपल्या वहींत लिहून घेतलें. पुढें केव्हां नवा संगणक जुळवावयाची वेळ आली, तर तीच वही त्यास उपयोगीं पडेल.